कानांनी निवडलेली पुस्तकं

कुणी कागद पुढे केला की लाइल ब्रँडवोल्डचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायचा. तो खिसा चाचपायचा आणि म्हणायचा, "चष्मा ट्रकमध्येच राहिला बघ. तूच सांग काय लिहिलंय ते." समोरचा माणूस वाचून दाखवायचा आणि काम होऊन जायचं. लाइलला चष्मा कधी लागलाच नव्हता. नजर अशी होती की मैलभर पुढे रस्ता ओलांडणारं हरीण त्याला आधी दिसायचं.

डोळ्यांचं सगळं ठीक होतं, बिनसलेलं होतं ते अक्षरांचं. ती त्याच्यापुढे एका जागी उभीच राहायची नाहीत. एक अक्षर दुसऱ्याच्या जागी जाऊन बसायचं, एक ओळ मध्येच खालच्या ओळीत घसरायची. शाळेत वाचनाचा तास सुरू झाला की बाई त्याला डस्टर झटकायला बाहेर पाठवायच्या. बाईंच्या मते ती दयाच होती. पाचवीपर्यंत टॉर्सबी गावच्या शाळेतला एकही डस्टर लाइलच्या हातून सुटला नाही. पुढे त्यानं ट्रकच्या परवान्याची परीक्षा तोंडी दिली. रस्त्यावरच्या पाट्या तो आकारावरून आणि रंगावरून ओळखायचा, गावं पाण्याच्या टाक्यांवरून. अठरा चाकांचा ट्रक बावीस वर्षं चालवला, पण एकदाही वाट चुकला नाही. साउथ डकोटातल्या त्या चिमुकल्या गावात त्याचं हे गुपित एकट्या बॉबीला, त्याच्या बायकोला, माहीत होतं.

बॉबी त्याच्या अगदी उलट. तिच्या एका हातात ढवळायचा चमचा असला तर दुसऱ्या हातात पुस्तक असायचंच. ओव्हनमधली हॉटडिश करपली की घरात सगळ्यांना कळायचं, पुस्तक चांगलं होतं. त्यांची मुलगी सिग्ने सहा वर्षांची झाली त्याच वर्षी गावातली शाळा बंद पडली. जवळची शाळा चाळीस मैलांवर. बॉबी म्हणाली, "रोज तीन तास बसमध्ये घालवण्यापेक्षा पोर माझ्याजवळ टेबलाशी बसेल." तेव्हापासून घरचीच शाळा सुरू झाली. बॉबीचा नियम एकच होता. उन्हाळ्यात ती पुढच्या वर्षाची सगळी पुस्तकं आधी स्वतः वाचून काढायची. "जे मी वाचलं नाही, ते माझ्या पोरीपुढे ठेवणार नाही." इतिहास आणि साहित्य अशी वेगळी फळीसुद्धा तिनं केली नव्हती. दोन्ही एकाच फळीवर, एकमेकांना टेकून.

सिग्ने नववीत असताना, हिवाळ्यात, बॉबीच्या डोळ्यांत रक्त उतरलं. मधुमेह तिला लहानपणापासून होता. डॉक्टरांनी जे करता येतं ते केलं, पण एप्रिलपर्यंत तिला फक्त कडेकडेचं दिसू लागलं. समोर माणूस उभा राहिला तर त्याचा कान दिसायचा, खांदा दिसायचा, हातातली बादली दिसायची, चेहरा मात्र नाही. पुस्तक उघडलं तर समासच दिसायचा.

आणि पुढचं वर्ष होतं दहावीचं, म्हणजे आधुनिक इतिहासाचं. पहिल्या महायुद्धापासून आजपर्यंत सगळं, आणि त्याच्या जोडीला त्याच काळातलं साहित्य. बॉबी म्हणायची, "ह्या वर्षासाठी मी नऊ वर्षं थांबलेय. लहान पोरांना राजेराण्या सांगता येतात. हे शतक सांगायला पोर मोठी व्हावी लागते."

गावाच्या चर्चच्या तळघरात दर बुधवारी घरी शिकणाऱ्या मुलांची अकरा कुटुंबं जमायची. ग्वेन आस्कलंड त्यांची पुढारी. पाच मुलांची आई, कामाला वाघीण, मनानं वाईट मुळीच नव्हे. बॉबीचं कळल्यावर ती केळ्याचा ब्रेड आणि एक कॅटलॉग घेऊन आली.

"बॉबी, जिवाला त्रास करून घेऊ नकोस. हा संच मागव. एकशे ऐंशी दिवसांचे एकशे ऐंशी धडे, प्रश्न, उत्तरं, सगळं ह्यातच. भयंकर भाग गाळूनच छापलेत. आईनं काही वाचायची गरजच पडत नाही."

ग्वेन गेली. बॉबी बराच वेळ टेबलावरच्या कॅटलॉगवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "गरजच पडत नाही म्हणे."

लाइलनं तिला लग्नानंतरच्या वीस वर्षांत रडताना दोनदा पाहिलं होतं. हे तिसऱ्यांदा.

त्याच आठवड्यात राज्याच्या अंध-वाचनालयाचा फॉर्म आला. बोलकी पुस्तकं आणि ती वाजवायचं यंत्र पोस्टानं घरी येतं, फुकट. सिग्ने आईला फॉर्म वाचून दाखवत होती. लाइल दाराशी बसून बुटाच्या नाड्या बांधत होता.

"कुणाला मिळू शकतं," सिग्ने वाचत होती, "ज्यांना दिसत नाही त्यांना. ज्यांना हातात पुस्तक धरता येत नाही त्यांना. आणि ज्यांना मेंदूतल्या काही दोषामुळे छापील मजकूर वाचता येत नाही त्यांना. मॉम, तुझ्यापुढे पहिल्या चौकोनात खूण करते."

"ते शेवटचं परत वाच," लाइल म्हणाला.

सिग्नेनं परत वाचलं.

"असल्या माणसांनाही देतात?"

"लिहिलंय ना इथे. डॉक्टरची सही लागते."

लाइलनं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. मग म्हणाला, "मग दोन फॉर्म मागव."

सिग्नेला क्षणभर काही कळलं नाही. तिनं आईकडे पाहिलं. आई मान खाली घालून बसली होती, पण तिच्या तोंडावर हसू होतं. मग हळूहळू पंधरा वर्षांचं एकेक तिच्या लक्षात येत गेलं. चष्मा, मेनूकार्ड, वाढदिवसाच्या कार्डांवर नुसतीच काढलेली चित्रं.

"डॅड! म्हणजे लहानपणी तू मला ती अस्वलाची गोष्ट वाचून दाखवायचास, ती..."

"चित्रं बघून बनवायचो."

"तरीच दर वेळी वेगळी असायची!"

"हो ना. आणि तू माझ्यावर उखडायचीस, कालचं वाक्य परत म्हण म्हणून. घाम फुटायचा मला."

सिग्ने हसली, मग उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. त्या विषयावर ती पुढे काही बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून लाइल जेवायला बसला की टपाल हळू आवाजात वाचून दाखवायची, जणू आपल्यालाच वाचायचं होतं.

दोन यंत्रं आली. एक स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी बसलं. दुसरं लाइलनं ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. ठरलं असं की दोघांनी एकाच पुस्तकाच्या दोन प्रती मागवायच्या. बॉबी घरी ऐकणार, लाइल रस्त्यावर, आणि रोज संध्याकाळी सहाला ट्रक उभा करून फोनवर बोलायचं. सिग्नेपुढे काय ठेवायचं ते सप्टेंबरच्या आत ठरवायचं.

"मला काय कळतंय त्यातलं," लाइल पहिल्या दिवशी म्हणाला.

"तू नुसतं ऐक. आणि कुठे कान टवकारले, कुठे कंटाळलास, ते मला सांग. बाकी माझ्यावर सोड."

लाइलला आजवर वाटायचं, इतिहास म्हणजे तारखा आणि राष्ट्राध्यक्ष. मे महिन्यात वायोमिंगच्या उघड्या माळावरून जाताना तो एका नर्सची युद्धातली पत्रं ऐकत होता. ती लिहीत होती की आज पाऊस पडला, मोज्यांची एक जोडी वाळली नाही, आणि सतरा वर्षांचा एक मुलगा माझं बोट धरून गेला. पुढच्याच ओळीत परत मोजे. लाइलनं ट्रक कडेला घेतला. आजूबाजूला गवत, वर आभाळ, आणि सीटवरच्या त्या राखाडी डब्यातून नव्वद वर्षांपूर्वी मेलेली एक बाई बोलत होती. तो हात जोडल्यासारखे करून बसून राहिला.

संध्याकाळी फोनवर त्याला नीट बोलता येईना. "बॉबी, हे सगळं आधीपासून होतं? पुस्तकांत? तू रोज हे वाचत होतीस?"

"होते."

"आणि स्वयंपाकही करत होतीस?"

बॉबी खळखळून हसली. त्या हिवाळ्यानंतर इतकं मोकळं ती पहिल्यांदाच हसत होती.

यंत्रावर वेग वाढवायचं बटण होतं. बॉबी दुप्पट वेगानं ऐकायची, कारण पुस्तकं फार आणि दिवस थोडे. लाइलनं त्या बटणाला कधी हात लावला नाही. "माणूस मरतोय तिकडे, आणि मी त्याला लवकर आटप म्हणू?" कॅन्ससमधून जाताना त्यानं धुळीच्या वादळांच्या वर्षांचं एका शेतकरणीचं आत्मकथन ऐकलं, आणि काचेबाहेर तीच जमीन होती, सपाट, हिरवी, पाण्याचे फवारे फिरत असलेली. त्यानं बॉबीला सांगितलं, "मी ह्या रस्त्यानं हजार वेळा गेलोय. आज पहिल्यांदा गेलो."

हळूहळू दोघांची पद्धत बसत गेली. बॉबीचं म्हणणं, पुस्तकं जोडीनं घ्यायची. एक, काय घडलं ते सांगणारं. दुसरं, घडत असताना माणसाला कसं वाटलं ते सांगणारं. आणि दोन्ही एकाच आठवड्यात वाचायची, म्हणजे एकाची फुशारकी दुसरं उतरवतं. लाइलनं त्यात आपली भर घातली. ज्या लढाईला दोन बाजू आहेत तिची पुस्तकंही दोन्हीकडची हवीत. निवाडा करायची त्याची रीत अशी होती की बॉबी थक्क व्हायची. नावाजलेला एक जाड इतिहास त्यानं तीन दिवसांत नापास केला.

"का रे? सगळे वाखाणतात त्याला."

"हा माणूस शेवट आधीच ठाऊक असल्यासारखा सांगतो. त्या बिचाऱ्यांना तेव्हा कुठे ठाऊक होतं?"

एक कादंबरी दुसऱ्या दिवशी बाद झाली. "ह्यात सगळे एकसारखे बोलतात. असली माणसं मला कुठल्याच थांब्यावर भेटली नाहीत."

बॉबी सगळे निकाल जुन्या टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवायची. जुलैपर्यंत अठरा जोड्या जमल्या होत्या.

मग आली हिंदुस्थानची फाळणी. मुख्य म्हणून निवडलेल्या पाठ्यपुस्तकात तिला दोन वाक्यं होती. लाइलनं ती मोजली. पहिल्यात दोन देश झाले, दुसऱ्यात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि सव्वा कोटी बेघर झाली. मग पुढचा परिच्छेद, दुसरा विषय.

"सव्वा कोटी म्हणजे किती, बॉबी? आपल्या राज्यात किती माणसं?"

"आठ लाख."

दुसऱ्या दिवशी लाइलनं जोडीचं पुस्तक लावलं. पंजाबातल्या एका छोट्या स्टेशनात तारबाबू असलेल्या माणसाच्या आठवणी होत्या. आलेल्या गाडीची वेळ लिहिणं हे त्याचं काम. त्या ऑगस्टमध्येही तो वेळा लिहीत राहिला. गाडी आली, इतके वाजून इतकी मिनिटं. गाडीतून कुणी उतरलं नाही. लाइल नेब्रास्कातून चालला होता. त्यानं यंत्र बंद केलं, पण आवाज बंद होईना.

दुपार झाली होती. पुढच्याच वळणावर त्याचा नेहमीचा थांबा होता. पंप, मागे धाबा, धाब्यात पराठे. धाबा चालवायची किरत नावाची बाई, आणि कणीक मळायला बसायचा तिचा म्हातारा सासरा, केहर सिंग. किरतचं ऐकून सगळे ड्रायव्हर त्याला पापाजीच म्हणायचे. पंच्याहत्तरीचा माणूस, पांढरी दाढी, निळी पगडी, आणि जिभेला धार.

"आलास? आज तोंड का सुतकी?" पापाजीनं विचारलं. "टायर फुटला का बायको रुसली?"

लाइल त्याच्यासमोर बसला. "पापाजी, तुम्ही मूळचे कुठले?"

"पंजाबचा. सहा वर्षं सांगतोय."

"कुठल्या पंजाबचे? अलीकडच्या की पलीकडच्या?"

पापाजीचे हात कणकेत थांबले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"ट्रकमधल्या डब्यानं." मग लाइलनं सगळं सांगितलं. बॉबीचे डोळे, सिग्नेची दहावी, दोन वाक्यं, तारबाबू. आणि स्वतःला वाचता येत नाही हेसुद्धा. फॉर्मवर सही करणारा डॉक्टर सोडला, तर परक्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा.

म्हातारा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सहा वर्षं माझ्या हातचं खातोस आणि आज विचारतोस. असू दे. माझ्या मुलानंही कधी विचारलं नाही." त्यानं कणकेचा गोळा उलटा करून आपटला. "तुला नाही सांगणार. तुला सांगून काय होणार, तू ट्रकच चालवणार. शिकायचं आहे त्या पोरीला घेऊन ये. तिला सांगेन."

त्या संध्याकाळचा फोन लांबला. बॉबीला धास्ती वाटत होती. "पुस्तक मिटता येतं, लाइल. समोर बसलेला म्हातारा कसा मिटणार? पंधरा वर्षांची आहे ती."

"तो तेव्हा अकरा वर्षांचा होता."

बॉबी म्हणाली, "मीही येते."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिघं निघाली. सिग्ने मागच्या बिछान्यावर पालथी पडून, बॉबी पुढे, यंत्र तिच्या मांडीवर. धाब्यात पोचली तेव्हा जेवणाची गर्दी ओसरत होती. पापाजीनं सिग्नेला समोर बसवलं, तिच्या पुढ्यात पराठा आणि लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाला, "आधी खा, पुत्तर. उपाशी पोटी ऐकायची गोष्ट नाही ही."

मग तो बोलू लागला. बोलताना त्याचे हात लाट्या करत होते.

"आमचं गाव लायलपूरकडे, कालव्यावर. मी पाचवीत. मास्तर पाढ्यांना कडक. वीसपर्यंत साधे, वर सवायकी, दिडकी, अडीचकी. मला सगळे पाठ. एक दिवस कळलं, निघायचं. बैलगाड्यांची रांग लागली, इतकी लांब, की पुढची टोकाची गाडी आज जिथे मुक्काम करायची तिथे आम्ही दुसऱ्या दिवशी पोचायचो. रस्त्याच्या कडेला माणसं पडलेली असायची. काही झोपलेली, काही नाही. मी बघत बसलो, तर आई म्हणाली, केहर, पाढे म्हण. मोठ्यांदा म्हण, आणि बैलाच्या शेपटीकडे बघ. दुसरीकडे बघायचं नाही. मी म्हणायला लागलो. दोनपासून. संपले की परत दोनपासून. अकरा दिवस."

धाब्यात आणखी चार-पाच ड्रायव्हर होते. त्यांच्या काट्याचमच्यांचे आवाज थांबले होते. किरत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिच्याही कानावर हे पहिल्यांदाच पडत होतं.

"अकराव्या दिवशी नदीचा पूल आला. मी सोळावर होतो. गाडी पुलावर चढली तशी ओरडा झाला, आणि आईनं माझ्या तोंडावर ओढणी टाकली. म्हणत राहा, म्हणाली. मी सोळा सक शहाण्णवपर्यंत म्हटलं. पुढचं आठवेना. ओढणीखाली नुसता तोच तोच आकडा म्हणत राहिलो. पलीकडे गेल्यावर आईनं ओढणी काढली, तर आजोबा गाडीत नव्हते."

त्यानं एक लाटी लाटली, बाजूला ठेवली.

"काय झालं ते मी आईला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पुढे शाळा नाही. दिल्लीत हमाली केली, मग ट्रक, मग हा देश. पण सोळाचा पाढा शहाण्णववर अडलाय तो अडलाच. अजून पुढचं येत नाही."

"पापाजी," किरत दारातून म्हणाली, "तुम्ही मला हाक मारून विचारता, सोळा साते किती... मला वाटायचं माझी चेष्टा करता."

तेवढ्यात सिग्ने हळूच म्हणाली, "एकशे बारा."

बॉबीनं तिचा दंड दाबला. म्हाताऱ्यानं मान वर केली.

"काय म्हणालीस?"

सिग्ने लाल झाली होती, पण तिनं नजर वळवली नाही. "सोळा साते एकशे बारा."

पापाजी तिच्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "सोळा आठे?"

"एकशे अठ्ठावीस."

"सोळा नवे?"

"एकशे चव्वेचाळीस."

"सोळा दाहे," म्हातारा म्हणाला, आणि उत्तर दोघांनी मिळून दिलं, "एकशे साठ."

पापाजीनं हात पुसले. पगडीच्या कडेनं डोळे पुसले. सुनेकडे वळून पंजाबीत एक शब्द बोलला. नंतर किरतनं लाइलला त्याचा अर्थ सांगितला, "पोचलो."

लाइलनं आयुष्यात पूर पाहिला होता, चक्रीवादळ पाहिलं होतं, खिडकीतून आत आलेली वीज पाहिली होती. त्या दुपारी धाब्यात त्याला जे वाटलं, ते ह्यातल्या कशानंही वाटलं नव्हतं. पाढ्यातल्या चार ओळी. चौसष्ट वर्षं पुलावर उभा असलेला एक मुलगा. आणि त्याला हाताला धरून पलीकडे नेणारी त्याची स्वतःची पोर, जिला ह्या जगात काय दाखवावं आणि काय नाही ह्यावर दोघं नवरा-बायको चार महिने डोकं फोडत होती.

परतीच्या वाटेवर दोनशे मैल मागे पडले. मग मागून सिग्नेचा आवाज आला. "मॉम, ते तारबाबूचं पुस्तक यादीत आहे ना?"

"आहे," बॉबी म्हणाली. ते ठरवायचं अजून बाकी होतं, पण त्या क्षणी ठरलं.

सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी चर्चच्या तळघरात सगळ्या आया वर्षाच्या याद्या घेऊन आल्या. बॉबीला त्या दिवशी बरं नव्हतं, म्हणून लाइलच गेला. सिग्नेनं टाइप केलेल्या यादीच्या प्रती त्यानं वाटल्या. चोवीस जोड्या. ग्वेननं चष्मा चढवून यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"ह्यातली निम्मी नावं मी ऐकलीही नाहीत. कुणी तपासली ही?"

"मी आणि बॉबीनं."

"तू वाचलीस? एवढी सगळी?"

लाइलचा हात खिशाकडे गेला. रिकामा खिसा चाचपला. मग त्यानं हात खाली घेतला.

"वाचली नाहीत, ग्वेन. ऐकली. मला वाचता येत नाही."

तळघरात बावीस माणसं होती. त्यातल्या निम्म्यांबरोबर तो शाळेत होता. मागून कुणीतरी खुर्ची सरकवली. ग्वेननं चष्मा काढला, त्याच्याकडे पाहिलं. तीही त्याच वर्गातली. वाचनाच्या तासाला दार उघडून बाहेर जाणारा एक मुलगा तिला आठवला असावा, कारण तिचा आवाज एकदम खाली आला.

"मग हे फाळणीचं. माझा कॅलेब पंधराचा आहे. हे वाचून त्याला झोप लागेल?"

"पहिल्या रात्री नाही लागणार," लाइल म्हणाला. "मलाही नव्हती लागली."

"आणि मग?"

"मग तो माणसांना विचारायला लागेल, तुम्ही कुठले म्हणून."

ग्वेननं आपला संच रद्द केला नाही. पण पेन काढून यादीतल्या सहा जोड्यांवर खुणा केल्या, आणि तारबाबूवर खूण करताना जरा थांबली, पण केली. त्या वर्षी सात घरांनी यादी घेतली, चार घरांनी नाही. एका आईनं "ट्रकवाल्याची यादी" म्हणून नाक मुरडलं. लाइलला त्याचं काही वाटलं नाही. ट्रकवाल्याचीच होती ती.

नवी एक गोष्ट मात्र त्यानं हट्टानं करायला लावली. वसंतात प्रत्येक मुलानं पुस्तकांच्या एका जोडीसाठी एक माणूस शोधून आणायचा. पुस्तकातलं शतक ज्याच्या अंगावरून गेलंय असा, आणि शक्यतो ह्याच तालुक्यातला. पोरं कुरकुरली. इथे कोण असणार? मका आणि डुकरं.

एप्रिलच्या एका बुधवारी ग्वेनचा कॅलेब ज्या बाईला हाताला धरून पुढे घेऊन आला, तिला बघून सगळे बुचकळ्यात पडले. वेल्टा होती ती. चर्चच्या तळघरात साठ वर्षं कॉफी करणारी वेल्टा ओझोलिन्स. लाइलच्या बारशाला, लग्नाला, बापाच्या मयताला तिनंच कॉफी केली होती. तिचे उच्चार थोडे वेगळे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

"ह्या मुलानं मला विचारलं," वेल्टा म्हणाली. खुर्चीत बसायला तयार नव्हती, टेबलाला टेकून उभी राहिली. "मी लाटव्हियाची. दुसऱ्या महायुद्धात, पंधरा वर्षांची असताना, बोटीतून निघाले. पाच वर्षं जर्मनीत निर्वासितांच्या छावणीत काढली. मग ह्या चर्चनं पत्र पाठवलं की एक कुटुंब घेतो. मी एकटीच उरले होते. लिहिलं, कुटुंब नाही, मी आहे. ते म्हणाले, ये."

ती थांबली. मागे बॉबी बसली होती. तिला वेल्टाचा चेहरा दिसत नव्हता, फक्त टेबलावरचा एक हात आणि पांढऱ्या केसांची कड दिसत होती. ती पुढे झुकून ऐकत होती. लाइल तिच्या शेजारी. त्याच्या हातात वेल्टानंच केलेल्या कॉफीचा कप होता. साठ वर्षं हे ह्या तळघरात होतं, त्याच्या मनात आलं, ह्याच भांड्याशेजारी, आणि आपण तिच्याकडे नुसतं कॉफीत दूध मागत होतो.

"बोटीचं सांगू का आधी?" वेल्टानं मुलांना विचारलं.

सगळ्या मुलांनी वह्या उघडल्या. लाइलनं कप हळूच खाली जमिनीवर ठेवला, आवाज होऊ न देता.